डार्विनची पुडी आणि सहाराची धूळ

केंब्रिजची परीक्षा नुकतीच संपवलेल्या बावीस वर्षांच्या एका तरुणाला १८३१ च्या वसंतात एका बेटाने अक्षरशः झपाटले होते. बेटाचे नाव टेनेरिफ आणि तरुणाचे नाव चार्ल्स डार्विन. आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्याजवळ अटलांटिक महासागरात कॅनरी बेटांचा समूह आहे. टेनेरिफ हे त्यातले सर्वांत मोठे बेट, आणि त्याच्या मधोमध ३,७१५ मीटर उंचीचा तेइदे हा ज्वालामुखी उभा आहे. जर्मन निसर्गवैज्ञानिक अलेक्झांडर फॉन हुंबोल्ट १७९९ च्या जून महिन्यात या बेटावर उतरला होता आणि तेइदेच्या माथ्यापर्यंत चढून गेला होता. त्याने लिहून ठेवलेले वर्णन डार्विनने उतरवून घेतले होते, आणि फिरायला गेले की तो ते मित्रांना मोठ्याने वाचून दाखवत असे. आपले शिक्षक हेन्स्लो आणि आणखी काही मंडळी यांच्यासह तिकडे जायचे, असा बेत ठरला. जहाजाच्या भाड्याची चौकशी झाली. डार्विनने स्पॅनिश शिकायला सुरुवातही केली.

तो बेत काही पार पडला नाही. त्याऐवजी त्याच वर्षी 'बीगल' जहाजावर जाण्याचे आमंत्रण आले, आणि योग असा की बीगलचा पहिला मुक्काम टेनेरिफलाच होता. ६ जानेवारी १८३२ रोजी जहाज बंदराबाहेर पोचले. पण त्या सुमारास इंग्लंडमध्ये पटकीची साथ होती. बंदरातून निरोप आला की बारा दिवस कोणालाही किनाऱ्यावर उतरता येणार नाही. कप्तान फिट्झरॉयने लगेच शिडे उभारायला सांगितली. डार्विनला टेनेरिफचे शिखर दुरूनच पाहावे लागले.

आमच्या लेखाचा विषय मात्र पटकी नाही. त्यानंतर दहा दिवसांनी डार्विनच्या हाती जे लागले, तो आहे.

बीगल तेथून दक्षिणेला केप व्हर्दे बेटांकडे गेले. १६ जानेवारीला त्यातल्या सँटियागो बेटावर, पोर्टो प्राया येथे त्यांनी नांगर टाकला. आज हेच प्राया केप व्हर्दे देशाची राजधानी आहे. समुद्रावरून डार्विनला बेट नीट दिसेना. हवा गढूळ होती. ढग नव्हते, धुके नव्हते, तरी दूरचे डोंगर पुसट झाले होते. नांगर टाकण्यापूर्वी सकाळी डोलकाठीच्या टोकावरच्या वातदर्शकाला तपकिरी रंगाची अतिशय बारीक धूळ चिकटलेली आढळली. हा वातदर्शक जाळीदार कापडाचा होता, त्यामुळे वारा त्यातून जणू गाळला गेला होता. डार्विनने ती धूळ झटकून तिची एक लहानशी पुडी बांधली.

पुडी बांधणे ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. पण त्या काळी या धुळीचा अनुभव हजारो खलाशांना होता. ती कपड्यांवर, शिडांवर बसे, डोळ्यांत जाई, सारे जहाज मळवून टाकी. हवा इतकी अंधारून येई की जहाजे किनाऱ्यावर आपटल्याचीही उदाहरणे होती. बीगलवरच्या खगोलशास्त्रीय उपकरणांनाही तिने थोडी इजा केली. खलाशी ती झाडून समुद्रात टाकत. डार्विनने ती ठेवून दिली, तारीख आणि ठिकाण लिहून. आमच्या मते नमुना आणि कचरा यांत फरक असतो तो एवढाच, आणि शाळेतल्या संग्रहालयासाठी मुले दगड गोळा करून आणतात तेव्हा हे उदाहरण त्यांना जरूर सांगावे.

प्रवासाहून परतल्यावर डार्विनने ही पुडी बर्लिनला एहरेनबर्ग यांच्याकडे पाठवली. ख्रिश्चन गॉटफ्रीड एहरेनबर्ग हा सूक्ष्मदर्शकाखालच्या जीवसृष्टीचा त्या काळचा सर्वांत मोठा जाणकार. भूवैज्ञानिक लायेल यांनी डार्विनला अशाच धुळीच्या आणखी चार पुड्या दिल्या होत्या. त्या याच भागात, पण काही शे मैल उत्तरेला एका जहाजावर पडलेल्या धुळीच्या होत्या. अशा एकूण पाच पुड्या एहरेनबर्गने तपासल्या. त्यात त्याला ६७ वेगवेगळे सेंद्रिय आकार सापडले. बहुतेक आकार म्हणजे सिलिकेची कवचे असणारे सूक्ष्मजीव, ज्यांना आज आपण डायाटम म्हणतो, आणि गवतासारख्या वनस्पतींच्या पेशींत तयार होणारे सिलिकेचे बारीक कण. वाळवंटाच्या धुळीत जीव, हेच मुळी नवल. पण खरे नवल पुढे होते. दोन प्रकार सोडले तर बाकीचे सारे सूक्ष्मजीव गोड्या पाण्यातले होते!

समुद्रावर, वाळवंटाच्या दिशेने येणाऱ्या वाऱ्यातून, तळ्यातले जीव पडतात. हे कसे?

एहरेनबर्गला आणखी एक गोष्ट खटकली. आफ्रिकेतच आढळणाऱ्या अनेक जाती त्याला माहीत होत्या. त्यांतली एकही या धुळीत नव्हती. उलट, तोवर फक्त दक्षिण अमेरिकेतूनच ठाऊक असलेल्या दोन जाती मात्र होत्या. तेव्हा ही धूळ आफ्रिकेची नसून दक्षिण अमेरिकेकडून, हवेच्या वरच्या थरांतून येत असावी, या मताकडे तो झुकला. १८४० च्या दशकाच्या शेवटी त्याने या धुळीवर आणि युरोपात अधूनमधून पडणाऱ्या 'रक्तवर्षावा'वर, म्हणजे लाल धूळमिश्रित पावसावर, एक मोठा ग्रंथच लिहिला.

डार्विनने १८४६ मध्ये लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या नियतकालिकात या विषयावर छोटासा निबंध लिहिला. त्याची पद्धत निराळी होती. सूक्ष्मदर्शकातले त्याला एहरेनबर्गइतके कळत नव्हते, आणि तसे भासवण्याचा त्याने प्रयत्नही केला नाही. त्याने काय केले? जहाजांवर धूळ पडल्याच्या जेवढ्या नोंदी मिळतील तेवढ्या जमवल्या. अशा पंधरा हकिकती त्याला मिळाल्या. प्रत्येक वेळी वारा कोणत्या दिशेने होता, महिना कोणता होता, जहाज किनाऱ्यापासून किती दूर होते, हे त्याने पाहिले. धूळ पडली तेव्हा वारा आफ्रिकेच्या बाजूने होता. महिनेही तेच, ज्या महिन्यांत हरमॅटन नावाचा कोरडा वारा पश्चिम आफ्रिकेत धुळीचे लोट उंच उडवतो. तेव्हा ही धूळ आफ्रिकेचीच, असे त्याने ठामपणे म्हटले, आणि एहरेनबर्गला आफ्रिकी जाती सापडल्या नाहीत ही गोष्ट न लपवता तिच्या शेजारीच लिहून ठेवली.

इथे दोन प्रकारचे पुरावे समोरासमोर उभे आहेत. एका बाजूला धुळीच्या पोटात काय आहे ते, दुसऱ्या बाजूला ती कधी आणि कोणत्या वाऱ्यावर आली ते. पहिला पुरावा अधिक शास्त्रीय दिसतो. सूक्ष्मदर्शक आहे, जातींची लॅटिन नावे आहेत, युरोपातला पहिल्या क्रमांकाचा तज्ज्ञ आहे. दुसरा पुरावा म्हणजे खलाशांच्या गोष्टी. पण पहिल्या पुराव्यात एक मोठी फट होती. एखादी जात आफ्रिकेच्या यादीत नाही, याचा अर्थ ती आफ्रिकेत नाही असा होत नाही. सहाराच्या आतल्या भागातून तोपर्यंत नमुने आणले होते कोणी? यादी जिथे अपुरी, तिथे तिच्यात नाव नसण्याला किंमत ती किती द्यायची?

आणि त्या फटीवर किती मोठी इमारत उभी राहिली पाहा. अमेरिकेच्या नौदलातला मॅथ्यू मॉरी हा समुद्रवाऱ्यांचा आणि प्रवाहांचा नकाशाकार. त्याने १८५५ मध्ये समुद्राच्या भूगोलावर एक गाजलेले पुस्तक प्रसिद्ध केले. पृथ्वीवरचे वारे विषुववृत्तापाशी वर चढून पलीकडच्या गोलार्धात जातात, असे त्याला सिद्ध करायचे होते. वाऱ्याला काही खूण बांधता येत नाही, मग हे दाखवायचे कसे? एहरेनबर्गने दक्षिण अमेरिकेच्या जाती ओळखल्या म्हटल्यावर मॉरीला ती खूण सापडल्यासारखे झाले. ओरिनोकोच्या खोऱ्यातली कोरडी धूळ वर चढते, वरच्या प्रवाहातून अटलांटिक ओलांडते आणि केप व्हर्देजवळ खाली येते, असे चित्र त्याने रंगवले. चित्र फार सुरेख होते. फक्त धूळ नेमकी उलट्या दिशेने प्रवास करत होती.

वाद मिटवायला पुन्हा खलाशांच्याच नोंदी कामी आल्या. जर्मन हवामानशास्त्रज्ञ गुस्ताव हेलमान याने १८७८ मध्ये केप व्हर्देच्या आसपासच्या धूळवर्षावांच्या नोंदी जहाजांच्या रोजनिशांतून एकत्र केल्या आणि बोट आफ्रिकेकडे दाखवले. पुढे मार्च १९०१ मध्ये उत्तर आफ्रिकेतून उठलेली धूळ इटली, ऑस्ट्रिया ओलांडून थेट उत्तर जर्मनीपर्यंत पडली. तिचाही दिवसागणिक मागोवा हेलमान आणि मायनार्डस यांनी घेतला. त्यानंतर सहाराची धूळ लांबवर जाते याबद्दल फारशी शंका उरली नाही. उरला तो प्रश्न, किती लांब? आणि कोणत्या उंचीवरून?

उंचीच्या प्रश्नाचा धागा आपल्याला पुन्हा टेनेरिफला घेऊन जातो. स्कॉटलंडचा राजज्योतिषी चार्ल्स पियाझी स्मिथ १८५६ च्या उन्हाळ्यात येथे आला. १८५५ च्या डिसेंबरात त्याचे लग्न झाले होते, आणि पत्नी जेसी बरोबर होती. नवपरिणित जोडप्याने बेटावर जावे यात नवल नाही, पण या दोघांनी बरोबर मोठ्या दुर्बिणी नेल्या आणि दोन महिन्यांहून अधिक काळ डोंगरावर, दगडी भिंतींच्या आडोशाला काढला. ढगांच्या वर गेले तर तारे अधिक स्पष्ट दिसतील, असे न्यूटनने सुचवले होते. ते कोणी नीट करून पाहिले नव्हते. स्मिथने आधी सुमारे २,७०० मीटरवरच्या ग्वाहारा येथे आणि नंतर आणखी वर आल्ता व्हिस्ता येथे मुक्काम केला. तारे खरोखरच स्थिर आणि रेखीव दिसले. आज जगातल्या मोठ्या वेधशाळा डोंगरमाथ्यांवर आहेत, त्याची ही सुरुवात म्हणता येईल. पण ढग पायाखाली गेल्यावरही हवा पूर्ण निर्मळ सापडली नाही. स्मिथच्या नोंदींत धुळीच्या धूसर थरांचा उल्लेख पुन्हापुन्हा येतो.

खाली किनाऱ्यावर हवा स्वच्छ आणि वर डोंगरावर धूळ, हे उफराटे वाटते. आपल्याकडे रस्त्यावरची धूळ खाली असते आणि गच्चीवर कमी असते. पण सहाराची गोष्ट वेगळी आहे. उन्हाळ्यात तेथील जमीन इतकी तापते की तिच्यावरची हवा पाच-सहा किलोमीटरपर्यंत उसळते आणि धुळीला बरोबर घेऊन जाते. ही गरम, कोरडी हवा पश्चिमेला समुद्रावर येते तेव्हा तिच्याखाली थंड सागरी हवा असते, कारण कॅनरी बेटांजवळून थंड प्रवाह वाहतो. वर गरम, खाली थंड अशी ही तापमानाची विपरीतता असल्यामुळे दोन्ही थर सहजासहजी मिसळत नाहीत. धुळीची हवा वरच्या मजल्यावरून निघून जाते. तळमजल्यावर उत्तरेकडून येणारे व्यापारी वारे किनाऱ्याला स्वच्छ हवा पुरवत राहतात.

हिवाळ्यात उलट होते. सहारा तेव्हा इतका तापत नाही, धूळ फार वर चढत नाही. पण वायव्य आफ्रिका आणि स्पेनवर हवेचा दाब वाढला आणि बेटांजवळ तो कमी झाला की वारा वाळवंटावरून थेट बेटांकडे वाहतो. कॅनरीतले पूर्वेकडचे फुएर्तेव्हेंतुरा बेट आफ्रिकेपासून जेमतेम शंभर किलोमीटरवर आहे. त्यामुळे धूळ जमिनीलगतच येऊन पोचते. स्थानिक लोक या हवेला 'कालिमा' म्हणतात. (आपल्या काळिम्याशी या शब्दाचा संबंध जोडण्याचा मोह होतो, पण तो स्पॅनिश शब्द आहे, संस्कृत नव्हे.) केप व्हर्देमध्ये तिचे पोर्तुगीज नाव 'ब्रुमा सेका', म्हणजे कोरडे धुके. डार्विनने जानेवारीत पाहिले ते हेच.

टेनेरिफवर सुमारे २,४०० मीटर उंचीवर इसान्या येथे १९१६ पासून हवामान वेधशाळा आहे. एकाच बेटावर समुद्रकिनारा आणि एवढ्या उंचीवरची वेधशाळा असल्यामुळे हे दोन मजले वेगवेगळे मोजता येतात. किनाऱ्यावर धुळीचे दिवस मुख्यतः हिवाळ्यात येतात, इसान्याला मुख्यतः उन्हाळ्यात. यातून सुट्टीला जाणाऱ्यासाठी एक चमत्कारिक गोष्ट निघते. उत्तर युरोपातले लोक थंडीला कंटाळून कॅनरीला येतात ते नेमके हिवाळ्यात, आणि त्याच काळात धूळ तळमजल्यावर असते. जुलैत येणारा पोहायला आलेला प्रवासी निर्धास्त, पण तेइदेवर चढून सूर्योदय पाहायला आलेला मात्र निराश होऊ शकतो. बेट एकच, महिना एकच, तरी कोण कोणत्या उंचीवर मुक्काम करतो यावर सारे अवलंबून.

अशा दिवशी आकाश काळे होत नाही, पांढुरके होते. यामागचे भौतिकशास्त्र वर्गात सांगण्याजोगे आहे. हवेचे रेणू प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा फार लहान असतात. ते निळा प्रकाश जास्त आणि लाल प्रकाश कमी विखुरतात, म्हणून आकाश निळे. धुळीचे कण एक-दोन मायक्रॉनपासून पुढचे, म्हणजे तरंगलांबीहून मोठे. ते सगळे रंग जवळजवळ सारखेच विखुरतात. सगळे रंग मिसळले की दुधाळ रंग उरतो. २३ जानेवारी २०२२ रोजी मुंबईत आणि पुण्यात असेच दुधाळ मळभ आले होते. त्या धुळीचा उगम पाकिस्तानच्या बाजूचा होता, आणि ती अरबी समुद्रावरून कोकण किनाऱ्याला आली होती. गाड्यांच्या काचांवर पांढरट थर बसलेला अनेक वाचकांना आठवत असेल.

आता 'किती लांब?' या प्रश्नाकडे. त्याचे उत्तर मिळाले ते योगायोगाने, आणि दुसऱ्याच एका बेटावर. कॅरिबियन समुद्राच्या पूर्व टोकाला बार्बाडोस आहे. त्याच्या पूर्व किनाऱ्यावर उभे राहिले तर समोर आफ्रिकेपर्यंत साडेचार हजार किलोमीटर समुद्रच समुद्र आहे. केप व्हर्देची ठिपक्यांएवढी बेटे सोडली तर मध्ये जमीन नाही. १९६० च्या दशकाच्या मध्याला काही संशोधकांनी येथे नायलॉनच्या जाळ्या उभारल्या. त्यांना हवी होती अंतराळातून पृथ्वीवर पडणारी उल्काधूळ. एवढ्या मोठ्या समुद्रावरून येणारी हवा सर्वांत स्वच्छ असणार, तेव्हा तिच्यात जे सापडेल ते वरूनच पडलेले असणार, हा त्यांचा तर्क. जाळ्या लालसर तपकिरी झाल्या. ती धूळ अवकाशातली नव्हती. तिच्यातली खनिजे जमिनीवरच्या मातीतली होती, आणि ती आफ्रिकेहून आली होती. १९६७ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

त्या गटातले जोसेफ प्रॉस्पेरो यांनी उल्काधुळीचा नाद सोडला आणि हीच धूळ मोजायला घेतली. ते मायामी विद्यापीठात होते. बार्बाडोसच्या रॅगेड पॉइंट येथील नोंदी त्यांनी अनेक दशके चालू ठेवल्या. दररोज गाळणी बदलायची, ती जाळायची, उरलेली राख तोलायची, असे हे काम. विज्ञानातले सर्वांत कंटाळवाणे काम बहुधा हेच असेल, आणि आमच्या अनुभवाने सर्वांत जास्त काळ टिकणारेही हेच. १९७२ मध्ये प्रॉस्पेरो आणि टोबी कार्लसन यांनी दाखवून दिले की उन्हाळ्यात सहाराची गरम, कोरडी, धुळीने भरलेली हवा एका सलग थराच्या रूपात, सागरी हवेच्या डोक्यावरून, पाच ते सात दिवसांत अटलांटिक ओलांडते. पियाझी स्मिथला डोंगरावर भेटलेला धुळीचा वरचा मजला म्हणजे याच थराचे आरंभीचे टोक.

या नोंदींतून आणखी काही दिसले. आफ्रिकेच्या साहेल प्रदेशात १९७० आणि १९८० च्या दशकांत भीषण दुष्काळ पडले, माणसे आणि गुरे मेली. त्याच वर्षांत, विशेषतः १९७३ आणि १९८३-८४ मध्ये, बार्बाडोसच्या गाळण्यांवर धूळ कित्येक पटींनी वाढली. चार-साडेचार हजार किलोमीटरवरचा दुष्काळ तेथील पर्यटकांच्या आकाशात दिसत होता. त्यांना ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते. बार्बाडोस हे प्रवाळखडकाचे, म्हणजे चुनखडीचे बेट. तेथील ऊसमळ्यांची माती नुसत्या चुनखडीपासून तयार होणे अवघड. तिच्यात हजारो वर्षे पडत आलेल्या आफ्रिकी धुळीचा वाटा असल्याचे मातीच्या रासायनिक तपासणीतून दिसून आले आहे. उपग्रहांच्या २००७ ते २०१३ या वर्षांतल्या मोजणीनुसार दरवर्षी सरासरी १८ कोटी टन धूळ आफ्रिका सोडून अटलांटिकवर येते. तिच्यातली सुमारे पावणेतीन कोटी टन अॅमेझॉनच्या खोऱ्यात पडते, आणि तिच्याबरोबर २२ हजार टन फॉस्फरस.

एहरेनबर्गच्या गोड्या पाण्यातल्या जीवांचे काय झाले? तेही कोडे उलगडले. उपग्रहांनी धुळीचे उगम शोधले तेव्हा असे आढळले की सर्वांत जास्त धूळ वाळूच्या टेकड्यांवरून उठत नाही. वाळूचे कण जाडे असतात, ते फार दूर जात नाहीत. धूळ उठते ती सखल भागांतून, पूर्वी जिथे पाणी होते तिथल्या बारीक गाळातून. काही हजार वर्षांपूर्वी सहारात पाऊस होता, मोठमोठी तळी होती. चाड देशातला बोदेले हा सखल भाग अशाच एका विशाल तळ्याचा कोरडा तळ. तो डायाटमच्या कवचांनी भरलेला आहे, आणि पृथ्वीवरचा धुळीचा सर्वांत मोठा एकेरी उगम म्हणून ओळखला जातो. म्हणजे एहरेनबर्गने पाहिले ते अचूक होते. ते जीव गोड्या पाण्यातलेच होते. त्यासाठी ओरिनोकोपर्यंत जायची मात्र गरज नव्हती.

एहरेनबर्गच्या पुड्या बर्लिनच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात जपून ठेवल्या आहेत. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी त्या धुळीतले काही नमुने उघडले गेले. त्यांतले काही जीवाणू आणि बुरशी पोषक माध्यमावर ठेवताच वाढू लागली. दीड शतकाहून अधिक काळ ती कागदात निपचित पडून होती.

अशी ही धूळ २०२० च्या फेब्रुवारीत कॅनरी बेटांवर आली तेव्हा काय झाले, ते सांगायला हवे. २२ ते २४ फेब्रुवारी हे ते दिवस. टेनेरिफमध्ये कार्निव्हल चालू होता, हॉटेले भरलेली होती. वाऱ्याचा वेग काही ठिकाणी ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे गेला. आकाश नारिंगी झाले. दृश्यता काही शे मीटरवर आल्यावर विमानतळ एकामागून एक बंद झाले, शेकडो उड्डाणे रद्द झाली किंवा वळवावी लागली, आणि हजारो प्रवासी अडकले. कार्निव्हलचे काही कार्यक्रम रद्द झाले. हवेतल्या बारीक कणांचे प्रमाण दर घनमीटरला काही हजार मायक्रोग्रॅमपर्यंत चढले. जागतिक आरोग्य संघटनेची चोवीस तासांची शिफारस ४५ आहे, यावरून कल्पना यावी. दमेकऱ्यांना आणि हृदयरोग्यांना घरातच राहण्याचा सल्ला दिला गेला. धूळ ओसरते न ओसरते तोच, त्याच आठवड्यात, टेनेरिफमधल्या एका हॉटेलात करोनाचा रुग्ण आढळला, आणि तिथल्या सुमारे हजार माणसांना बाहेर पडायला बंदी झाली. डार्विनलाही इथे आधी साथीने अडवले होते आणि मग धूळ भेटली होती. यावेळी क्रम उलटा, इतकेच.

ही धूळ येणार हे आधी कळले होते. जागतिक हवामान संघटनेने २००७ मध्ये धुळीच्या वादळांच्या इशाऱ्यांसाठी एक व्यवस्था सुरू केली, आणि उत्तर आफ्रिका व युरोपपुरते तिचे केंद्र बार्सिलोनात आहे. धूळ कुठे, किती, हे तीन दिवस आधी नकाशावर दाखवता येते. प्रवाशाच्या दृष्टीने तीन दिवस म्हणजे तिकीट बदलण्याइतका वेळ असतो, पण सुट्टी बदलण्याइतका नसतो.

या अंदाजांतली सर्वांत अवघड बाब म्हणजे कणांचा आकार. कण किती वेगाने खाली येतो ते त्याच्या व्यासाच्या वर्गावर ठरते. स्टोक्सच्या सूत्राने आकडेमोड करून पाहा. २ मायक्रॉनचा कण स्थिर हवेत दिवसाला तीसएक मीटरच उतरतो, १० मायक्रॉनचा सुमारे सातशे मीटर, २५ मायक्रॉनचा चार किलोमीटरहून जास्त. पाच किलोमीटरवरून निघालेला १० मायक्रॉनचा कण आठवडाभर तरंगू शकतो, म्हणजे बार्बाडोस त्याच्या आवाक्यात येते. २५ मायक्रॉनचा कण मात्र सव्वा दिवसात समुद्रात पडायला हवा.

डार्विनच्या निबंधात अशाच एका कणाची नोंद आहे. किनाऱ्यापासून तीनशे मैलांवरच्या एका जहाजावर इंचाच्या हजाराव्या भागाहून, म्हणजे २५ मायक्रॉनहून, मोठे दगडाचे कण पडले होते. दगडाचे कण एवढे दूर येतात, तर त्याहून हलके बीजाणू का येणार नाहीत, असा विचार त्याने त्यावरून केला. तीनशे मैल म्हणजे जोराच्या वाऱ्यावर अर्ध्या दिवसाचा प्रवास, त्यामुळे त्याची नोंद सूत्रात बसते. पण २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आफ्रिकेपासून ३,५०० किलोमीटरवर समुद्रात ठेवलेल्या सापळ्यांत ४५० मायक्रॉनपर्यंतचे कण सापडले. हे वाळूचेच कण म्हणायचे. सूत्राप्रमाणे त्यांनी किनाराही ओलांडायला नको होता. जोरदार वारा, हवेतली खळबळ, कणांवरचा विद्युतभार, आणि गडगडाटी ढगांनी त्यांना पुन्हापुन्हा वर उचलणे, अशी चार कारणे त्या संशोधकांनी सुचवली आहेत. पैकी कशाचा वाटा किती, हे तपासण्याचे काम चालू आहे.